स्वखुशीने

दुय्यम निबंधक कार्यालयातल्या त्या लहानशा यंत्राच्या काचेवर ताईचा अंगठा तीनदा उमटला नाही. संगणकावर बसलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. "मावशी, अंगठा पुसा आणि जरा दाबून धरा," तो म्हणाला. ताईने पदराला अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. पडद्यावर पुन्हा तीच लाल चौकट. मग त्याने नोटा मोजायला ठेवतात तसला ओला स्पंज पुढे सरकवला. ताई गेली सोळा वर्षं नाशिकला, सातपूरच्या कारखान्यांतल्या पोरांसाठी डबे करते. रोजच्या दीडशे पोळ्या. तव्यावरची पोळी ती उलथन्याने उलटत नाही, बोटांनी उलटते, आईसारखीच. त्या अंगठ्यावर रेषा राहिल्याच कुठे होत्या? चौथ्या-पाचव्या खेपेला कसाबसा ठसा घेतला गेला. मग कॅमेऱ्यापुढे फोटो झाला. मग साहेबांनी कागदावरून नजर न उचलता रोजचा प्रश्न विचारला, "वाचलंय ना सगळं? स्वखुशीने हक्क सोडताय ना?"

ताईने साहेबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

एवढंच झालं. पाच मिनिटांत आम्ही बाहेर होतो. चांदवडच्या स्टँडवर दोघांनी चहा घेतला, मी तिला नाशिकच्या गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. संध्याकाळचे डबे चुकायला नकोत म्हणून तिला घाई होती. ती पहाटे तीनला उठून सकाळचे डबे उरकून आली होती. गाडी हायवेला लागेपर्यंत मी उभा राहिलो आणि मग घरी आलो. भांडण नाही, रडारड नाही. गावात बहिणींची हक्कसोडपत्रं होतात ती अशीच होतात. पण ते पाहणं माझ्या मानेवर बसलं ते बसलंच. ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. त्यानंतर दोन उन्हाळ कांदे निघाले, चाळीत भरले, विकले, आणि ते पाहणं काही उतरलं नाही.

कागदावरचं वाक्य मला पाठ आहे. "सदरचे हक्कसोडपत्र मी स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता लिहून देत आहे." असल्या वाक्यांकडे कुणी लक्ष देत नाही, ते आधीपासून टाईप केलेलंच असतं. मला मात्र त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण 'स्वखुशीने' या एका शब्दावर मी वीस वर्षं माझा सगळा विचार उभा केला होता. माणूस स्वतःचा मालक आहे. त्याच्या कष्टाचं फळ त्याचं आहे. ते त्याने कुणाला द्यावं, विकावं, ठेवावं, हे त्याच्या खुशीवर आहे, आणि सरकारचं काम इतकंच की त्या खुशीवर कुणी जोरजबरदस्ती करत नाही हे बघणं. यापलीकडे सरकारने हात पुढे केला की तो हात खिशात जातो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या वडिलांच्या, नानांच्या, शर्टावरच्या शेतकरी संघटनेच्या लाल बिल्ल्यावरून शिकलो.

आमच्याकडे स्वातंत्र्याचा विचार कांद्याच्या गोणीतून आला. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले आणि हिशेब मांडून बसले. पीक चांगलं आलं तरी तोटा का होतो? उत्तर हिशेबाच्या वहीतच होतं: भाव पाडले जातात, आणि ते पाडणारा हात सरकारचा आहे. १९८० मध्ये आधी चाकणला आणि मग आमच्या नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडल्या ते याच हिशेबापायी. त्या नोव्हेंबरात खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकरी मेले. नाना तेव्हा तुरुंगात होते, आठ दिवस. "सूट सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम." ही घोषणा मी पाळण्यात ऐकली असं आई सांगते. जगात शेतकऱ्यांच्या बहुतेक चळवळी सरकारकडे काहीतरी मागतात. ही चळवळ सरकारला म्हणत होती, काही देऊ नका, फक्त आमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधून बाजूला व्हा.

पुढे कॉलेजात जॉन लॉक भेटला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. जमीन तर सगळ्यांची, मग तिचा तुकडा एकाचा कसा होतो, असा या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाचा प्रश्न. त्याचं म्हणणं असं, की शरीर माणसाचं स्वतःचं, म्हणून त्या शरीराचे कष्टही त्याचेच, आणि ते कष्ट ज्या मातीत मिसळले ती माती त्याची. म्हणजे घामाचं दामच की! वर्गातली मुलं टिपणं घेत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा बांधावरचा तुकडा होता, आजोबांनी गोटे वेचून वेचून मऊ केलेला. गोट्यांची ती ताल अजून आहे, कमरेएवढी.

पण त्या तुकड्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती मी संघटनेच्या शिबिरांमध्ये कधी सांगितली नाही.

जमीन आमची नव्हती. आजोबा कूळ होते. मालक गावातल्याच वाड्यात राहणारं एक घराणं, त्यातले बरेचसे नंतर नाशिकला गेले. आजोबा खंडाने कसायचे, त्यांच्या वडिलांनीही तीच जमीन कसली होती. १ एप्रिल १९५७ ला, ज्याला महसुली भाषेत कृषकदिन म्हणतात, कायद्याने कूळ मालक झालं. किंमत ठरली आकारणीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत, वीस पट ते दोनशे पट यांच्या मधे कुठेतरी, आणि तीही हप्त्याने. बाजारात त्या भावाने कुणी तो तुकडा विकला नसता. आजोबांनी हप्ते फेडले आणि कूळकायद्याच्या कलम बत्तीस-म चं, जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळालं. ते आईने देवघरातल्या पितळी डब्यात ठेवलंय, घड्यांवर फाटलेलं. मालकाला कुणी विचारलं नाही की बाबा, स्वखुशीने देतोस का? सरकारने एकाच्या हातातून घेतलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं. तो दुसरा हात माझ्या आजोबांचा होता. त्या हाताच्या जोरावर नाना मालक म्हणून उभे राहिले, बिल्ला लावून सरकारशी भांडले, आणि मी कॉलेजात जाऊन लॉक वाचला.

आजोबांची एक सवय होती. मालक झाल्यावरही दर दसऱ्याला ते बाजरीची एक पाटी डोक्यावर घेऊन त्या वाड्यावर जायचे. आजी चिडायची. "आता कशाला? आता काय खंड द्यायचाय?" आजोबा म्हणायचे, "खंड नव्हं." मग काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वाड्यातली म्हातारी पाटी ठेवून घ्यायची आणि रिकाम्या पाटीत पेढे घालून परत द्यायची. ती गेल्यावर आजोबांचं जाणंही थांबलं. लहानपणी मला ही भित्र्या कुळाची सवय वाटायची. आता वाटतं, कायद्याने पूर्ण झालेला व्यवहार आजोबांना पुरा वाटत नव्हता. आपल्या घामाने जमीन आपली झाली यात त्यांना शंका नव्हती. पण दुसऱ्याला न विचारता आली, हेही ते विसरले नव्हते. मी ही दोन्ही वाक्यं एका वेळी मनात धरू शकलो नाही. मी पहिलं धरलं.

कूळकायदा १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत नवव्या परिशिष्टात गेला, यादीत दुसऱ्या क्रमांकावर. नवव्या परिशिष्टात ठेवलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांचा आधार घेऊन कोर्टात आव्हान देता येऊ नये, अशी ती सोय होती. शिबिरांत आम्ही त्या परिशिष्टाला अंधारकोठडी म्हणायचो. पुढे १९७६ मध्ये आवश्यक वस्तू कायदाही त्याच परिशिष्टात गेला, ज्याच्या आधाराने सरकार कांद्याच्या साठ्यावर मर्यादा घालतं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच गेला. मी या गोष्टीवर तावातावाने बोललोय. माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला की ज्या कायद्याने मला जमीन दिली आणि ज्या कायद्याने माझ्या चाळीला कुलूप लावता येतं, ते दोन्ही एकाच फळीवर ठेवलेले आहेत. फळी मोडायची तर दोन्ही खाली येतात.

आणि सरकार दिलेलं विसरत नाही. आमच्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात अजून एक ओळ आहे: कूळ कायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. म्हणजे ही जमीन विकायची, बक्षीस द्यायची, गहाण ठेवायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. २०१४ मध्ये ते थोडं सैल झालं. खरेदीला दहा वर्षं उलटून गेली असतील तर आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून व्यवहार करता येतो, घेणारा शेतकरी असला पाहिजे वगैरे अटी आहेतच. नजराणा! सरकारदरबारी हा शब्द अजून जिवंत आहे. नाना त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, "बघ, सत्तर वर्षं होतील आता, तरी आपण अजून कूळच." मालक तेवढा बदलला, असं त्यांना म्हणायचं असे.

७ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाना जाऊन चार महिने झाले होते. बरं झालं म्हणवत नाही, पण त्यांनी ते पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं होतंच. आमचा लाल कांदा काढणीला आलेला, अर्धा शेतात पात कापून पडलेला. उन्हाळ कांदा असता तर चाळीत टाकून चार-पाच महिने वाट पाहिली असती. लाल कांदा थांबत नाही. पाणी सुटतं, कोंब येतो, आठवड्यात वास बदलतो. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, हायवे अडवला गेला, ट्रॉल्या तशाच उभ्या. सुरू झाले तेव्हा मिळाला तो भाव घेतला. दिल्लीतल्या कुणाच्या तरी सहीने एका रात्रीत माझ्या मालाची किंमत उतरली होती, आणि त्या सहीआधी मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्या आठवड्यात झोपलो नाही. जो भेटेल त्याला सांगत होतो: तुमच्या घरातली वस्तू तुम्ही कुणाला विकायची हे तिसरा ठरवत असेल तर ती वस्तू तुमची नाहीच, तुम्ही फक्त राखणदार. बंदी उठायला ४ मे २०२४ उजाडलं, तेही किमान निर्यातमूल्य आणि शुल्काच्या अटी घालून. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. कृषकदिनालाच, हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

या संतापातच मी ताईला फोन केला होता. आपल्यावर झालेला अन्याय माणसाला किती आंधळा करतो, हे मला यातून कळलं. वारस नोंदीला आमची तीन नावं लागली होती: आई, ताई, मी. चुलते म्हणाले, साक्षीदार म्हणाला, कार्यालयाबाहेर बसणारा टायपिस्टही म्हणाला, "बहिणीचं हक्कसोड उरकून घ्या, पुढे कर्जाला, अनुदानाला सह्या गोळा करत फिरावं लागतं." सगळं खरंच होतं. मी ताईला तसंच सांगितलं. फोनवर ती दोन श्वास गप्प राहिली आणि म्हणाली, "मंगळवारी जमंल मला." तिच्या हिश्शाबद्दल मी तिला एक शब्द विचारला नाही. मी जबरदस्ती केली नाही. धमकी दिली नाही. फसवलं नाही. वीस वर्षं मी स्वातंत्र्याची जी व्याख्या घेऊन हिंडलो, तिच्याप्रमाणे ताई त्या खोलीत संपूर्ण स्वतंत्र होती. नाही म्हणायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

मग तिने माझ्याकडे का पाहिलं?

नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. भावकीत बोललं गेलं असतं. भाऊबीजेला माझ्या बायकोने ताट वाढलं असतं, पण तिच्या हातात जडपणा आला असता. मे महिन्यात लेकरं घेऊन चार दिवस येऊन राहणं, निघताना आईने पिशवीत कोंबलेली कुरडई आणि शेंगदाणे, बांधावरच्या आंब्याची पाटी, हे सगळं एका बाजूला आणि दीड एकर दुसऱ्या बाजूला. बाई माहेर विकत घेते आमच्याकडे, आणि किंमत म्हणून जमीन देते. सौदा दोन्ही बाजूंनी कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून तो प्रेमात मोडतो. मी कांद्याच्या भावाबद्दल इतका बारीक विचार करणारा माणूस, घरातला हा भाव कुणी ठरवला आणि कुणी पाडला, याचा विचार मला शिवला नाही.

रॉबर्ट नॉझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये लॉकला एक कोडं घातलं होतं. माझा टोमॅटोच्या रसाचा डबा मी समुद्रात ओतला, रस लाटांमध्ये मिसळून गेला, तर समुद्र माझा झाला, की मी माझा रस फुकट घालवला? वर्गात आम्ही हसलो होतो. आता ते वाचवत नाही. ताई दहा-अकरा वर्षांची असल्यापासून लग्न होईतो त्या जमिनीत होती. जानेवारीत वाफ्यातल्या गार पाण्यात वाकून कांद्याची रोपं टोचायची, बोटांना चिरा पडायच्या, रात्री आई त्यात तेल भरायची. काढणीला विळ्याने पात कापताना तिच्या अंगाला जो वास यायचा तो साबणाने जायचा नाही, शाळेत पोरी नाक मुरडायच्या. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं, कारण मजुरीला माणूस लावणं परवडत नव्हतं. त्या वाचलेल्या मजुरीवर मी नाशिकला खोली घेऊन राहिलो. आजोबांचा घाम मातीत मिसळला तेव्हा जमीन आमची झाली. ताईचा मिसळला तो मात्र समुद्रातला रस झाला. हे कुठल्या तत्त्वाने? माझ्या तत्त्वाने नक्कीच नाही. लॉकचा नियम प्रामाणिकपणे लावला असता तर आमच्या सातबाऱ्यावर पहिलं नाव माझं येत नाही. मी तर सुट्टीत यायचो.

नॉझिकच्या मांडणीत आणखी एक पायरी आहे, जी आम्ही शिबिरांत घाईघाईने ओलांडायचो. मालमत्ता रास्तपणे मिळवलेली हवी, रास्तपणे हस्तांतरित झालेली हवी, आणि मागे कुठे अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त व्हायला हवा. दुरुस्ती कशी करायची हे त्यानेही फारसं उलगडलं नाही, कारण ते धागे ओढू लागलं की कापडच उसवतं. पण आजोबांना तो धागा दिसला असावा. बाजरीची पाटी ती.

आई १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेली होती. आमचं गाव जवळच, तरी ती दोन दिवस घराबाहेर राहिली, आयुष्यात पहिल्यांदा, कडेवर मी. ती सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. "एवढ्या बाया मी रेणुकामातेच्या जत्रेतबी नाही पाहिल्या." स्त्रीला मालमत्तेत हक्क हवा, हे तिने पहिल्यांदा मांडवात बसून ऐकलं. पुढे त्याच विचारातून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शरद जोशींनी कायदा मागितला नाही, शेतकऱ्यांनाच विचारलं: तुमच्या घरातली लक्ष्मी आयुष्यभर राबली, तिचं देणं तुम्ही कधी फेडणार? जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर शेतकरी असं करतील तिथे मी स्वतः येईन. आणि लोकांनी केलं. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यासाठी नावाजलं गेलं. १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं, पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली.

मला या गोष्टीचं किती अप्रूप होतं! सरकारी सक्ती नाही, दंड नाही, माणसाच्या आतल्या न्यायबुद्धीला हाक घातली आणि ती ऐकली गेली. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध एक मताने संमत झालं, तो एक शरद जोशींचा. मला तेव्हा कुणी विचारलं की मी लक्ष्मीमुक्तीकडे बोट दाखवायचो. ज्याने राखीव जागेला नाही म्हटलं त्यानेच बायांच्या नावे जमिनी करून घेतल्या, कोणत्याही सरकारने केल्या नसतील अशा, स्वखुशीने. माझं हे उत्तर तयार असायचं आणि समोरचा गप्प व्हायचा.

आमच्या घरात मात्र नानांनी नाव लावलं नाही. तुरुंगात जाऊन आलेले, बिल्ला धुवायला टाकलेल्या शर्टावरूनही काढून जपून ठेवणारे नाना. आई विचारायची, ते म्हणायचे, "करू की. घाई काय आहे? सगळं तुझंच आहे." १९९२ गेलं, २००२ गेलं. सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं ते नाना गेल्यावर, वारस पत्नी म्हणून. नवा उतारा मी तिच्या हातात दिला तेव्हा तिने चष्मा लावून तो वाचला, बोट ठेवून, आणि घडी घालून पितळी डब्यात टाकला. म्हणाली, "माणूस गेलं तवा नाव आलं." नानांबद्दल मला राग येत नाही. ते वाईट नव्हते. पण हाक घातली की प्रत्येक जण ऐकतोच असं नाही, आणि जो ऐकत नाही त्याच्या घरातल्या बाईचं काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर सरकारकडे होतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीला आणून बसवलं. तलाठ्याने वारस नोंदीत ताईचं नाव लिहिलं ते कुणाच्या न्यायबुद्धीने नाही, कायद्याने. ते नाव खोडायचं काम सरकारने केलं नाही. मी केलं.

तरी मला विचाराल तर हक्कसोडपत्रावर बंदी घाला असं मी आजही म्हणणार नाही. आपला हिस्सा द्यायचा की नाही हे मोठ्या बाईने ठरवायचं, तिला अज्ञान बालकासारखं वागवण्यात कसला न्याय? सरकारने त्या टेबलापलीकडून आणखी काय करायला हवं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याने ठसा घेतला, फोटो घेतला, स्वखुशी विचारली. त्याचं काम संपलं. पुढचं काम माझं होतं आणि ते मंगळवारच्या कितीतरी आधीचं होतं. फोन उचलून एवढंच म्हणायचं होतं: ताई, तुझं नाव लागलंय, ते राहू दे, तुला वाटेल तेव्हा ये आणि तुझा तुकडा बघ. ती कदाचित तरीही हो म्हणाली असती, देऊन टाकलं असतं तिने. पण मग ती देणारी झाली असती.

गेल्या वर्षी नवरात्रात ताई आली होती. निघताना आईने तिची ओटी भरली, तांदूळ, खण, नारळ, आणि ती गेल्यावर दारातच मला म्हणाली, "लेकीची ओटी भरून पाठवत्यात. तू रिती करून पाठवलीस." आठ महिने ती काही बोलली नव्हती. तेव्हा बोलली आणि चूल सारवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी वकिलाकडे गेलो. म्हटलं, बहिणीचा हिस्सा तिला परत द्यायचाय. त्याने चष्मा वर केला. हे काम त्याच्याकडे कुणी आणलं नसावं. म्हणाला, हक्कसोड रद्द करणं म्हणजे कोर्टकचेरी, त्यापेक्षा बक्षीसपत्र करा. मग सातबारा पाहिला आणि 'इतर अधिकार' वर त्याचं बोट थांबलं, नाना ठेवायचे तिथेच. "कलम ४३ आहे. चाळीस पट नजराणा भरून टाकू, ते किरकोळ आहे. पण घेणारा शेतकरी लागतो." मी म्हटलं, ताई शेतकऱ्याचीच मुलगी आहे. तो म्हणाला, "असेल. पण दाजींकडे जमीन नाही म्हणता. आणि यांचं स्वतःचं नाव होतं ते कमी झालं. मग कागदोपत्री ताई शेतकरी कुठं राहिल्या?" सोडताना एका प्रश्नात काम झालं होतं. परत द्यायचं तर अर्ज, परवानगी, प्रांत, कलेक्टर. ज्या ओळीवर नाना चिडायचे तिच्यावर मी त्या दिवशी चिडू शकलो नाही. त्या कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना मला फक्त तो न उमटणारा अंगठा दिसत होता.

अर्जाचा मसुदा तयार झाल्यावर ताईला फोन केला. सगळं सांगितलं, नजराणा, परवानगी, शेतकरी दाखला. ती ऐकत होती, मागे पोळपाटावर लाटणं फिरत होतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "त्या बक्षीसपत्रावरबी लिहित्यात का, स्वखुशीने?"

"लिहितात."

"आणि साहेब विचारणार?"

"विचारणार."

"मग तू कुणाकडं बघशील?" ती म्हणाली. लाटणं थांबलं नव्हतं.